अंगठ्याखालची रक्कम

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात एक आजी होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि अंगठ्याच्या रेघाही झिजून गेल्या होत्या. रेशन दुकानातल्या मशीनवर तिनं अंगठा टेकवला की मशीन नकार द्यायचं. मग दुकानदार तिची बोटं ओल्या फडक्यानं पुसून एकेक करत दहाही लावून बघायचा. ही बाई तीच आहे अशी सरकारची खात्री पटेपर्यंत मागच्या रांगेत भांडणं लागायची. त्याच अंगठ्यापुढं गावातली शिकलेली पोरं पुढे कर्जाचे कागद घेऊन बसू लागली. हे कसं झालं, त्याची ही गोष्ट.

गोष्ट तुरीपासून सुरू करावी लागते. जालना जिल्ह्याला तूर नवी नाही. जिल्ह्यातल्याच बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे आणि तिथं निघालेलं बीडीएन ७११ हे वाण मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. म्हणजे बियाणं इथलं, रान इथलं, घाम इथला; डाळ मात्र लातूर-अकोल्याच्या गिरण्यांतून पुडक्यात बसून गावच्या किराणा दुकानात परत यायची. २०१५ साली ती किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा तूर पिकवणाऱ्यांच्याच घरी वरण पातळ झालं. त्या भावाला भुलून पुढच्या खरिपात ज्यानं त्यानं तूर पेरली, पाऊसही बरा झाला आणि २०१७ उजाडता उजाडता बाजार कोसळला. हमीभाव ५,०५० रुपये होता, पण मोंढ्यात तेवढे द्यायला कुणी तयार नव्हतं. सरकारी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. कधी काटा बंद, कधी बारदाना संपलेला. आजीचा नातू अशाच एका रांगेत ट्रॉलीखाली घोंगडी टाकून झोपला होता. आपण तूर विकतो आणि डाळ विकत घेतो, हे मधलं काम आपणच का करू नये, हे त्याच्या डोक्यात तिथं आलं.

डोक्यात आलेलं हातात यायला तीन-चार वर्षं गेली. मध्ये त्याचं लग्न झालं, कोरोना आला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी प्रधानमंत्र्यांच्या नावानं एक योजना काढली. खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख रुपये. किमान १० टक्के आपले, बाकीचं बँकेचं कर्ज. डाळ, पापड, लोणचं, गूळ, हळद, बेसन, सगळं तिच्यात बसत होतं. गावात ही बातमी पोचली ती मात्र एवढीच: "सरकार दहा लाख देऊ लागलं."

कट्ट्यावर अशा बातम्यांना लगेच पाय फुटतात. मुद्रा योजनेचे पैसे परत मागत नसतात, असं छातीठोकपणे सांगणारे लोक २०१५ पासून गावोगाव आहेत. मुद्रा हे निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदानाचा छदाम नाही, हे त्यांना बँकेची नोटीस आल्यावर कळतं.

बातमीच्या मागोमाग फाइलवाला आला. त्याचं नाव कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मोटारसायकलच्या डिकीत रंगीत फायली घेऊन फिरायचा म्हणून फाइलवाला. माणूस बोलायला गोड आणि हिशेबात तरबेज. त्यानं नातवाला विचारलं, "दादा, अनुदान किती पाहिजे?"

नातू म्हणाला, "डाळमिल टाकायची हाय."

"ते होईल हो. अनुदान किती ते सांगा. जास्तीत जास्त दहा लाख मिळतं. मग आपण कमी कामून घ्यायचं?" त्यानं मोबाइल काढला आणि उलटा हिशेब मांडला. दहा लाख म्हणजे पस्तीस टक्के. तर शंभर टक्के किती? साडेअठ्ठावीस लाखांच्या घरात. झालं. प्रकल्प साडेअठ्ठावीस लाखांचा.

आता साडेअठ्ठावीस लाख रुपये खर्च करायचे म्हणजे तेवढ्या मशिनरी पाहिजेत. फाइलवाल्यानं भराभर नावं सांगितली: डाळमिल, प्रतवारीचं यंत्र, पॉलिशर, रंग बघून दाणा वेगळा करणारं सॉर्टेक्स, पॅकिंग मशीन. विक्रेता त्याच्या ओळखीचा. आपल्या वाट्याचे २ लाख ८५ हजार खिशातून घालायचीही गरज नाही, बिल थोडं चढवून ते त्यात बसवता येतात. त्याची फी अनुदानाच्या दहा टक्के, पैकी पंचवीस हजार आगाऊ.

मला या फाइलवाल्याचं कौतुक वाटतं. त्यानं एकही खोटा नियम सांगितला नव्हता. पस्तीस टक्के खरे, दहा लाखांची मर्यादा खरी, भागाकारही बरोबर. फक्त हिशेबाला त्यानं शेपटाकडून हात घातला होता, आणि त्या हिशेबात तूर कुठंच नव्हती.

नातू फाइल घेऊन घरी आला. आगाऊ पैशांसाठी आजीकडच्या एका जुन्या दागिन्यावर त्याची नजर होती, त्यामुळं तिला समजावून सांगणं भाग होतं. आजी ओसरीवर तूर निवडत बसली होती. त्यानं पान उघडून वाचलं: एकूण खर्च २८,५०,०००. स्वतःचा हिस्सा २,८५,०००. बँकेचं कर्ज २५,६५,०००. शासकीय अनुदान ९,९७,५००.

आजीनं सूप बाजूला ठेवलं. "यातला फुकटचा आकडा कोणता?"

नातवानं बोट ठेवून दाखवलं. आजीनं त्याचं बोट सरकवून त्या आकड्यावर आपला अंगठा दाबला.

"आता वाच."

"आजी, ते झाकलं तर कागदात राहिलं काय?"

"तेच बघायचं हाय. वाच."

नातवानं वाचलं. पंचवीस लाख पासष्ट हजार बँकेचे. सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याला हप्ता चाळीस हजारांच्या वर. आजीनं विचारलं, चाळीस हजार महिना मिळायला रोज किती तूर भरडावी लागेल? ती तूर कुणाची? आपली असेल तर ती विकत घ्यायला पैसा कुठून आणणार? लोकांची असेल तर लोक कोण, त्यांची नावं सांग. नातवाकडं एकही नाव नव्हतं. तो चिडला. म्हणाला, "आजी, तुझा काळ गेला. आता सगळं ऑनलाइन असतंय."

आजी म्हणाली, "म्हैस काही ऑनलाइन नव्हती बाबा."

आणि तिनं म्हशीची गोष्ट सांगितली.

१९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही हकिकत. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम नावाची योजना जोरात होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असं काही घ्यायला बँकेचं कर्ज आणि सरकारचं अनुदान. अल्पभूधारकाला चौथा हिस्सा, अत्यल्पभूधारकाला आणि मजुराला तिसरा हिस्सा, आदिवासींना निम्मा. आजीचं घर तिसऱ्या हिश्श्यात बसलं. गावात एका दिवशी म्हशी वाटल्या गेल्या. कानात बिल्ले ठोकले, फोटो काढले. म्हैस कोणती घ्यायची हे व्यापाऱ्यानं ठरवलं. आजीच्या नवऱ्याला जनावराची चांगली पारख होती. बैल घ्यायचा तर तो भोकरदनचा अख्खा बाजार पायाखाली घालायचा. त्या दिवशी मात्र तो म्हशीच्या तोंडात बघायला विसरला. तिसरा हिस्सा सरकार देतंय म्हटल्यावर दात कशाला मोजायचे?

"धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात," आजी म्हणाली. "पण ती म्हैस एक हिस्सा धर्माची होती, दोन हिस्से आमची होती. आम्ही धर्माच्या हिश्श्याकडंच बघत बसलो."

म्हैस म्हातारी निघाली. थोडे दिवस दूध दिलं, आटली, पुन्हा गाभण राहिलीच नाही. पुढच्या दुष्काळात मेली. बँकेचे दोन हिस्से जिवंत राहिले. ते आजीनं रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाची माती डोक्यावर वाहून फेडले. तेव्हापासून कुणी योजनेचा कागद आणला की ती फुकटचा आकडा झाकून बाकीचा वाचायला लावायची. झाकल्यावर जे उरतं ते आपलं, असं तिचं म्हणणं.

नातवाला गोष्ट आवडली नाही. तो फाइल काखोटीला मारून बाहेर गेला आणि रात्री उशिरा जेवायला आला.

पण ती गोष्ट आणखी एका माणसानं ऐकली होती. नातसून आत भाकरी टाकत होती. ती उमेद अभियानाच्या बचत गटात होती, गटाचं रजिस्टर तीच लिहायची. कुणाचा हप्ता कोणत्या महिन्यात का थकला, हे तिला तोंडपाठ होतं: पेरणीला थकतो, शाळा उघडताना थकतो, दिवाळीनंतर सुरळीत होतो. दुसऱ्या दिवशी तिनं शंभर पानी वही घेतली आणि आजेसासूला विचारलं, "आजी, गावात घरच्या डाळीला तूर कोण कोण ठेवतं?"

ही मोजणी महिनाभर चालली. घरटी क्विंटल-सव्वा क्विंटल तूर लोक वर्षाच्या बेगमीला ठेवत होते. बायका ती जात्यावर भरडत, नाहीतर दूरच्या गिरणीत नेऊन अर्धी चुरा करून आणत. आजूबाजूची पाच गावं धरून वहीत १८० घरं आणि २२० क्विंटल तूर भरली. प्रत्येक घराला विचारलं, क्विंटलला सहाशे रुपये भरडाई द्याल का? काहींनी तोंड वाकडं केलं, त्यांच्यापुढं फुली मारली. फुल्या वगळून हा आकडा होता. वर्षाचे १ लाख ३२ हजार.

हे वरवर साधं वाटतं. पण जिल्हा उद्योग केंद्रात, खादी मंडळात, कृषी कार्यालयात दरवर्षी जे शेकडो प्रकल्प अहवाल येतात, त्यांतल्या विक्रीच्या तक्त्यात खऱ्या गिऱ्हाइकांची नावं असलेले किती असतील? बहुतेक ठिकाणी एका अहवालावरून दुसरा उतरवलेला असतो. गावाचं नाव तेवढं बदललेलं.

वहीचं वजन बघून नातू नरमला. मग त्यानं तालुका कृषी अधिकारी कार्यालयाची पायरी चढली. तिथं त्याला 'जिल्हा संसाधन व्यक्ती' भेटली. नाव असं भारदस्त, प्रत्यक्षात उन्हानं रापलेला, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा चाळिशीतला माणूस. नातवानं आधी फी विचारली.

"फी? तुमच्याकडून काहीच नाही. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल, बँकेत पाठपुरावा, परवाने, सगळं माझं काम. कर्ज मंजूर झालेल्या प्रकरणामागं मला सरकार वीस हजार देतं. उद्यम नोंदणीलाही पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका."

नातवाला फाइलवाल्याचे पंचवीस हजार आठवले. मग त्यानं मनातला खरा प्रश्न विचारला, "अनुदान हातात कधी पडतं?"

तो माणूस हसला. "हातात पडतच नाही. ते बँकेत तुमच्या कर्जखात्याच्या शेजारी वेगळ्या खात्यात बसून राहतं. तेवढ्या रकमेवर तुम्हाला व्याज लागत नाही, हा आधीचा फायदा. कर्जाची शेवटची उचल झाल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि गिरणी चालू असली, तर ते कर्जात वळतं करतात."

"आणि गिरणी मध्येच बंद पडली तर?"

"तर अनुदानाचा भरवसा धरू नका. कर्ज इथंच."

आजीला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. पण ज्यांनी ही योजना लिहिली त्यांनीही ती रक्कम तीन वर्षं झाकूनच ठेवली होती. आणि ही एकच योजना तशी नाही. २००८ पासून चालत आलेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे. तेही तीन वर्षं बँकेत अडकवलेलंच असतं. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ व्याजाचा परतावा देतं, पण तुम्ही हप्ता भरल्यानंतर. हप्ता चुकला की परतावा नाही. पैसा आधी आणि धंदा मागून, असं या मोठ्या योजनांत कुठंच लिहिलेलं नाही. लोक मात्र तसंच वाचतात, आणि फाइलवाले तसंच वाचून दाखवतात.

नवा अहवाल चार लाखांचा झाला. मिनी डाळमिल, मोटर, थ्री फेज जोडणी, वाळवणाला सिमेंटचा ओटा. शेड जुनंच होतं, कडब्याचं. स्वतःचे चाळीस हजार, बँकेचे ३ लाख ६० हजार, अनुदान १ लाख ४० हजार. रात्री कंदिलाइतक्या उजेडाच्या बल्बखाली नातवानं कागद पसरला आणि न सांगता आजीपुढं सरकवला. आजीनं अंगठा ठेवला. हप्ता पूर्ण ३ लाख ६० हजारांवर, पाच वर्षांच्या मुदतीनं धरायचा: महिन्याला आठ हजारांच्या आत-बाहेर, वर्षाचे ९५ हजारांच्या आसपास. भरडाईचे १ लाख ३२ हजार. वीजबिल आणि हाताखालच्या दोन बायकांची मजुरी वजा केली की हिशेब जेमतेम शून्यावर येऊन थांबत होता.

नातू ओशाळला. "काहीच उरत नाही आजी."

"शून्य चालतंय," आजी म्हणाली. "उणं नको."

बँकेत मात्र अडलं. शाखाधिकाऱ्यानं वही चाळली, खूश झाला आणि मग एकच प्रश्न टाकला. "तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. डाळ उन्हाळ्यापर्यंत चालेल. जून ते ऑक्टोबर हप्ता कशातून भरणार? पावसाळ्यात तुमचा ओटा ओला असतो."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. वहीत घरं होती, क्विंटल होते, महिने नव्हते. खरं तर ती बाब नातसुनेच्या हातची होती, गटाच्या रजिस्टरात तिनं तेच तर वर्षानुवर्षं लिहिलं होतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी हप्त्यानं घेतलेल्या मोबाइलचा नातवानं एक हप्ता चुकवला होता, तो सिबिलमध्ये दिसत होता. साहेबांनी तोही दाखवला. कागद घेऊन दोघं परत आले.

पंधरवडाभर डोकी खाजवून त्यांनी त्याच शेडमध्ये मिरची कांडप आणि पिठाची चक्की बसवायचं ठरवलं. चक्कीसाठी वेगळं कर्ज नाही. गावातली एक बंद पडलेली चक्की नातवानं दुरुस्त करून घेतली. सप्टेंबरात मूग येतो, फेब्रुवारी-मार्चात हरभरा, त्याचं बेसन. वहीत आता बारा रकाने पडले. साहेबांनी पुन्हा पाहिलं आणि मंजुरी दिली. वर एक सल्ला दिला: मंजुरी ऑगस्टात मिळाली तरी उचल नोव्हेंबरच्या शेवटी करा. आत्ता पैसे घेतले तर व्याज आजपासून सुरू होईल आणि तूर रानातच उभी असेल. हे सांगण्यात बँकेचा लगेचचा काही फायदा नव्हता, पण खातं थकलं नाही तर त्यातच तिचा फायदा.

मशीन आलं आणि पहिल्या घाण्यालाच निम्मी डाळ फुटली. नातू कंपनीला फोन लावत बसला. आजी काठी टेकत शेडात आली, तुरीचा दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, हिला नीट तेलच मुरलेलं नाही. तेल लावायचं, ढीग करून रात्रभर झाकून ठेवायचा, मग उन्हात घालायची, पुन्हा पाण्याचा हात, पुन्हा ऊन. टरफल सैल झाल्याशिवाय दाणा सोडत नाही, मशीन असो की जातं. त्यानंतर क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ उतरू लागली. ज्यांच्यापुढं फुल्या मारल्या होत्या, त्यातली निम्मी घरं फेब्रुवारीत आपणहून आली.

याच योजनेत बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि लहानसहान अवजारांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं, ग्रामसंघामार्फत, परत करायच्या बोलीवर. नातसुनेनं ते दुसऱ्या हंगामात घेतलं. त्यातून मोंढा पडलेला असताना थोडी तूर घेतली, डाळ केली आणि पुडकी जालन्यात नेऊन विकली. पहिल्यांदा शून्याच्या वर काही उरलं ते तेव्हा.

आता फाइलवाल्याचं. तो काही रिकामा बसला नव्हता. नातवाच्याच एका वर्गमित्रानं ती साडेअठ्ठावीस लाखांची फाइल उचलली. पोरगा हुशार, कष्टाळू, घरची जमीन रस्त्यालगत. जमीन तारण ठेवून कर्ज मिळालं, शेड उभं राहिलं, सॉर्टेक्स आलं. उद्घाटनाला मांडव होता. हंगाम सुरू झाला तेव्हा गोम कळली. एवढं मोठं यंत्र दोन क्विंटलसाठी सुरू करणं परवडत नाही, आणि गावातला माणूस दोन क्विंटलच घेऊन येतो. यंत्राचं पोट भरायचं तर ट्रकनं तूर विकत घ्यायला हवी. त्यासाठी खेळतं भांडवल हवं आणि सगळा पैसा लोखंडात गेलेला. चढवलेल्या बिलातून जे रोख परत आलं, ते फी आणि मांडवातच संपलं. दुसरा हंगाम येण्याआधी खातं थकलं. तो आता जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर कामाला जातो आणि नातवाशी पहिल्यासारखाच बोलतो. नातूही त्याला कधी हसला नाही, कारण ती फाइल आधी कुणाच्या काखेत होती हे त्याला ठाऊक होतं.

नातवाची तीन वर्षं पुरी झाली तेव्हा बँकेचे लोक शेडात येऊन बघून गेले. चक्की चालू होती, ओट्यावर मूग पसरलेला होता. १ लाख ४० हजार कर्जात वळते झाले, आणि हप्ते एकही दिवस न चुकवल्यानं पाच वर्षांचं खातं त्याच दिवशी मिटलं. नातू पेढे घेऊन आला. आजीनं एक पेढा तोंडात टाकला आणि मोठं कर्ज काढायचा विचार आहे का, असं विचारलं. नातू म्हणाला, सॉर्टेक्सचा विचार आहे. नातसून म्हणाली, नाही. त्या घरात हे भांडण अजून चालू आहे आणि मला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

गिरणी बघायला आता लोक येतात. त्यांना आणतो बहुतेक वेळा फाइलवालाच. शेड दाखवतो, ओटा दाखवतो, "हे आपलंच काम" म्हणून सांगतो आणि डिकीतून रंगीत फाइल काढतो. नातू त्याला अडवत नाही. आलेल्या माणसांकडं बघत असतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती सुटलं?" त्यांना तो खरा आकडा सांगतो आणि चक्कीकडं वळतो. गेल्या हंगामात जाफराबादकडून एक जोडपं आलं होतं. बाईनं ओटा पायांनी मोजला, मुठीत चुनी घेऊन चोळून पाहिली आणि विचारलं, "पावसाळ्यात काय भरडता?"

नातवानं चक्की बंद केली, दोघांना खुर्च्या आणून दिल्या, चहा सांगितला आणि बायकोला वही घेऊन बोलावलं.